एक बोगदा, दोन नियामक: शेवटचा शब्द कुणाचा?

ऐरोली-ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या सुचलेला तुमचा प्रश्न असा: इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्याला दोन देशांचे दोन नियामक आहेत, तर वाद झाल्यावर शेवटचा शब्द कुणाचा? सरळ सांगतो, पूर्ण बोगद्यावर कुणाचाच नाही.

आधी एक गोंधळ निस्तरू. आपल्याकडे रेल्वेचा नियामक म्हटलं की रेल्वे सुरक्षा आयुक्त आठवतात. ते मुद्दाम रेल्वे मंत्रालयाबाहेर, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेत. नवीन मार्ग त्यांनी तपासल्याशिवाय प्रवाशांसाठी उघडत नाही. पण रूळ वापरायचे पैसे किती घ्यायचे, दुसऱ्या कंपनीच्या गाडीला वाट द्यायची की नाही, हे त्यांचं काम नव्हे. युरोपात त्यासाठी वेगळा नियामक असतो, आणि तुमचा प्रश्न खरं तर त्याच्याबद्दल आहे.

१९८६ च्या कँटरबरी करारात दोन्ही सरकारांचा एक संयुक्त आयोग ठरला. ५० किलोमीटरचा बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला आणि पुढची वीसेक वर्षं सगळं याच आयोगाकडे होतं. पण आयोगावरची माणसं सरकारांनी नेमलेली, आणि युरोपीय संघाचा २०१२ चा कायदा म्हणतो की नियामक स्वतंत्र हवा. म्हणून २०१५ मध्ये दर आणि प्रवेशाचं काम ब्रिटनच्या ओआरआर या रेल्वे नियामकाकडे आणि फ्रान्सच्या नियामकाकडे गेलं (त्याचं आजचं नाव एआरटी). ज्याचा त्याचा अधिकार आपापल्या अर्ध्या बोगद्यापुरता.

खरी मेख इथेच आहे. गाडी काही मधोमध थांबून मालक बदलत नाही. एकानं दर जास्त आहे असं ठरवलं आणि दुसऱ्यानं तोच योग्य म्हटला, तर कंपनीनं कुणाचं ऐकायचं? त्यामुळे दोन देशांना भिडणाऱ्या निर्णयात नियामकांनी एकमेकांना विचारायचं आणि माहिती द्यायची, हे त्याच कायद्यात आहे. वरचढ असा तिसरा कुणी बसवलेला नाही. जमलं नाही तर आपापल्या देशाचं कोर्ट.

सिग्नल खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे सांगतो, तांत्रिक फरक फारसा छळत नाही. डेन्मार्क-स्वीडनमधला ओरेसुंड पूल बघा: एका देशात २५ हजार व्होल्ट, दुसऱ्यात १५ हजार, शिवाय स्वीडनमध्ये गाड्या डावीकडून धावतात नि डेन्मार्कमध्ये उजवीकडून. तरी दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या बांधल्या आणि २००० पासून त्या धावतायत. मध्य रेल्वेवर डीसीचं एसी होताना आपणही दोन्हीवर चालणाऱ्या लोकलमधून गेलोच की. डोकं खातात ते कागद. एकदा दोन खात्यांच्या संयुक्त टिपणात ‘करावे’ की ‘करता येईल’ यावर आमचे तीन आठवडे गेले होते, आणि दोन्ही खाती एकाच देशाची!

जवळचं उदाहरण हवं तर कोकण रेल्वेचं, मुख्यालय तुमच्या बेलापूरलाच. तिनं सप्टेंबर २०२० मध्ये नेपाळला दोन डेमू, म्हणजे डिझेलवर धावणाऱ्या, गाड्या पोचवल्या. बिहारमधलं जयनगर ते नेपाळमधलं कुर्था ही प्रवासी सेवा सुरू झाली २ एप्रिल २०२२ ला. मधले दीड वर्ष गाड्या उभ्या, कारण ब्रॉडगेज चालवायला लागणारा कायदा आणि माणसं नेपाळकडे तयार नव्हती.

ब्रेक्झिटनंतर बोगद्याचं प्रकरण आणखी किचकट झालं, कारण फ्रेंच अर्ध्याची सुरक्षा ईपीएसएफ या फ्रेंच संस्थेकडे गेली. आता बोगद्यातून गाड्या चालवू पाहणाऱ्या व्हर्जिन या ब्रिटिश कंपनीचंच घ्या. लंडनच्या टेम्पल मिल्स डेपोत तिला जागा द्यायचा निर्णय ओआरआरनं ऑक्टोबर २०२५ मध्ये एकट्यानं दिला, कारण डेपो ब्रिटनच्या जमिनीवर आहे. गाडीला पॅरिस गाठायचं तर पलीकडच्या परवानग्या वेगळ्या मिळवाव्या लागतील.