खोली आठ हजारांची, कात्री सगळ्या बिलाला

प्रश्न : पाच लाखांची पॉलिसी आहे. ऑपरेशनचं बिल १,७०,००० रुपये झालं आणि कंपनीने ६३,७५० कापले. खोली दिवसाला ८,००० ची होती, चार दिवस होतो. एवढी कपात कशी? (राजारामपुरी)

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० असणार. तुम्ही वरच्या दर्जाची खोली घेतली की फक्त खोलीचा फरक कापून कंपनी थांबत नाही. बऱ्याच रुग्णालयांत सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट यांचे दरही खोलीच्या वर्गानुसार चढतात. म्हणून तेही ५ : ८ या प्रमाणात कमी करतात, म्हणजे आठपैकी पाच भागच देतात.

तुम्ही पाठवलेल्या बिलात खोली ३२,०००, डॉक्टर आणि थिएटर ८०,०००, औषधं व साहित्य ४०,०००, तपासण्या १८,००० आहेत. खोलीत १२,००० आणि डॉक्टर-थिएटरमध्ये ३०,००० जाणार, एकूण ४२,०००. उरलेले २१,७५० त्यांनी औषधं आणि तपासण्यांनाही तेच गुणोत्तर लावून कापलेत, आणि इथे ते चुकलेत. औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. पॉलिसीच्या मजकुरात ‘असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस’ची (खोलीबरोबर प्रमाणात कापता येणाऱ्या खर्चांची) व्याख्या काढून वाचा.

आणखी एक गोष्ट तपासा. त्या रुग्णालयात जनरल वॉर्डला आणि स्पेशल रूमला सर्जनची फी एकच असेल, तर त्या फीवरचीही कपात उडते. रुग्णालयाच्या बिलिंग विभागाकडून तसं लेटरहेडवर लिहून घ्या. तोंडी ‘आमच्याकडे सगळ्यांना सारखंच’ याला कंपनी किंमत देत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, सोबत कपातीचा तक्ता. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांच्या पुणे कार्यालयात अर्ज करा. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : केशरी रेशनकार्ड आहे. रुग्णालयाच्या दारात जन आरोग्य योजनेचा फलक आहे, तरी ‘वरचा फरक भरा’ म्हणाले. (कागल)

योजनेत मंजूर झालेल्या उपचाराचा ‘वरचा फरक’ रुग्णाकडून घेता येत नाही. ठरलेल्या पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, जेवण, परतीचं एसटी भाडंसुद्धा येतं. मात्र फलक दिसला म्हणजे सगळे आजार बसले असं नाही. मान्यता विभागवार असते. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत.

गाडी बहुतेक वेळा घसरते ती भरतीच्या खिडकीवर. नातेवाईक घाईत अनामत भरतात, रुग्णाची नोंद ‘खासगी’ होते आणि आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) जातात तिसऱ्या दिवशी. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. मागून धावपळ करून उपयोग होत नाही. म्हणून आधी आरोग्यमित्र, मग कॅश काउंटर. रेशनकार्ड ऑनलाइन आहे का, त्यावरचं नाव आधारशी जुळतं का, हे घरी बसूनच पाहून ठेवा. जीवावरची वेळ असेल आणि कार्ड गावी राहिलं असेल, तर आरोग्यमित्राला फोनवरून तात्पुरती मंजुरी घ्यायला सांगा. कागद नंतर देता येतात.

रुग्णालयं टाळाटाळ का करतात? सरकारी पॅकेजचा दर ठरलेला, पैसे नंतर येणार. शेजारच्या खाटेवरचा रोखीचा रुग्ण जास्त देतो आणि आज देतो. दर वेळेवर सुधारले नाहीत तर फलक राहतील आणि खाटा ‘भरलेल्या’ राहतील, हे आरोग्य खात्यालाही कळायला हवं. पण करार करून फलक लावल्यावर रुग्णाकडून वसुली हा त्यावरचा उपाय नव्हे. पैसे मागितलेच तर पावती मागा आणि योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : सरकारी रुग्णालयात उपचार मोफत झाले ना? मग सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) पैसे का? (शिवाजी पेठ)

१५ ऑगस्ट २०२३ पासूनची मोफत सेवा सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना लागू आहे, जसं कसबा बावड्याचं सेवा रुग्णालय किंवा गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय. सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तिथे सरकारी दराने शुल्क आहे. जन आरोग्य योजनेत बसणारा उपचार मात्र तिथेही विनामूल्य होतो.

प्रश्न : वडील ७३ वर्षांचे. जीएसटी गेला तरी प्रीमियम वाढला. पॉलिसी बंद करून आयुष्मान कार्डावर भागेल का? (जयसिंगपूर)

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. पण कंपन्यांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे त्यांनी स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावटही गेली, त्यामुळे मूळ प्रीमियम वाढवायला त्यांना कारण मिळालं. ज्येष्ठांसाठी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी विमा नियामकाशी चर्चा करावी लागते. गेल्या वर्षीची नोटीस शेजारी ठेवून, कर सोडून टक्केवारी काढा.

वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्मान कार्ड, लगेच काढा. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. पॉलिसी मात्र सोडू नका. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक वगळता, आजार लपवल्याचं कारण देऊन कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. या वयात नवी घ्यायला गेलात तर ते संरक्षण शून्यापासून, आणि जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत वाट. प्रीमियम झेपत नसेल तर विमा रक्कम कमी करून घ्या. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज द्या आणि नवीन कंपनीचा लेखी होकार येईपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका.