दीड आणि चार वर्षांची मुलं घेऊन मे महिन्यात कोकणात जावं का? कारने की रेल्वेने?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याहून निघायचंय, बरोबर सासू-सासरे, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. पाच दिवसांत गणपतीपुळे, मालवण, आंबोली आणि जमलं तर गोवा असा बेत आहे. आणि घरातले काहीजण म्हणतायत, मुलं मोठी होऊ द्या, आत्ता त्यांना काय आठवणार.

जरूर जा. फक्त हा बेत घेऊन जाऊ नका. चारातली तीन ठिकाणं आजच खोडा, मालवण ठेवा आणि सगळे दिवस तिथं एकाच घरात राहा.

दीड वर्षाच्या मुलाला नवीन जागा ओळखीची व्हायला एक रात्र जाते. पहिल्या रात्री ते हमखास उठतं, रडतं, आईला सोडत नाही. दुसऱ्या दिवशी मोरी कुठे, पाण्याचा माठ कुठे, मांजर कुठल्या पायरीवर बसतं हे त्याला कळलेलं असतं आणि मग ते खुलतं. रोज मुक्काम हलवला तर रोजची रात्र पहिलीच. दिवसा ते किरकिर करतं, मोठी हट्टाला पेटते, आजी दमतात आणि आपण नवरा-बायको एकमेकांवर डाफरत बसतो. मीही दोन मुलांची आई आहे आणि माझं मत याबाबतीत पक्कं आहे: जागा नवी असली तरी झोपेची आणि जेवणाची वेळ घरचीच हवी. दुपारी एकला झोपणारं मूल मालवणातही एकलाच झोपलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवायचं.

आठवण्याबद्दल. धाकट्याला यातलं काही आठवणार नाही, हे खरं. पण पायाखालची ओली वाळू सरकली की तो कसा बघतो, हे तुम्हाला आठवेल, त्याच्या आजोबांना आठवेल. मुलं मोठी व्हायची वाट बघताना घरातली मोठी माणसंही म्हातारी होत असतात, तो हिशोब कोणी मांडत नाही. आज आजोबा त्याला कडेवर घेऊन वाळूत चालू शकतात. आणखी पाच वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांना ते जमेलच असं नाही.

आता कार की रेल्वे. मी रेल्वेच म्हणेन, आणि तीही दिवसाची.

ठाण्याहून मालवण रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पा सोपा झाला, पण माणगाव-इंदापूरची कोंडी मे महिन्याच्या शनिवारी काय असते ते तुम्हाला माहीत असेलच. थांबत-थांबत जायचं म्हणजे अख्खा दिवस, आणि त्या दिवसभर दोन्ही मुलं बांधलेली. बांधलेली हवीतच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बाल-आसनाशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, पुढच्या सीटवर मांडीवर बसलेलं मूल जोरात ब्रेक लागला की आपल्या हातात राहत नाही. कितीही घट्ट धरलं तरी नाही. शिवाय साधारण दोन ते बारा या वयात मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणजे तुमची मोठी नेमकी त्या वयात आहे. कारनेच जायचं ठरलं तर निघताना तिला पोटभर दूध देऊ नका, कोरडं आणि थोडं खायला द्या, हातात मोबाईल देऊ नका आणि समोरच्या काचेतून लांबवर बघायला लावा. उलटीचं औषध आपल्या मनाने देऊ नका. त्यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसतात, तेव्हा धाकट्याला मोठीच्या बाटलीतलं थेंबभरही नको.

रेल्वेत मूल उठू शकतं, चालू शकतं, आडवं होऊ शकतं, आणि कोणाला गाडी थांबवावी लागत नाही. मांडवी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, ठाण्याला थांबते आणि दुपारी चारच्या आसपास कुडाळला पोचते. तिथून मालवण रिक्षाने किंवा गाडीने साधारण तीस किलोमीटर. पुष्कळजण रात्रीची कोकणकन्या सुचवतील, मुलं झोपेत पोचतात म्हणून. पण ती सीएसएमटीहून सुटतेच अकरानंतर. झोपलेल्या मुलांना उचलून फलाटावर उभं राहायचं, सकाळी कुडाळला उतरायचं आणि खोली दुपारी बाराला मिळणार म्हणून अंगणात बसून राहायचं. दोन्ही मुलांची झोप मोडलेली, आणि तो पहिला दिवस असाच वाया.

दिवसाच्या गाडीत वाटच बघण्यासारखी आहे. खेड-चिपळूणच्या भागात बोगद्यामागून बोगदे येतात. मोठीला ते मोजायला लावा. उक्षी स्टेशन गेलं की करबुड्याचा बोगदा येतो, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, साडेसहा किलोमीटरचा. तो संपता संपत नाही. धाकटा घाबरू नये म्हणून पहिल्या बोगद्याआधीच त्याला जवळ घ्या आणि काचेशी बसवा. आत शिरल्या-शिरल्या बाहेरचं हिरवं जातं आणि काचेत त्याला स्वतःचंच तोंड दिसतं. माझा धाकटा त्या काचेतल्या मुलाला बिस्कीट देत होता, आणि बोगदा संपून तो मुलगा नाहीसा झाला की माझ्याकडे बघायचा. नंतर प्रत्येक बोगद्याला बिस्कीट घेऊन तयार. रत्नागिरी सोडल्यावर थोड्या वेळात पानवलचा पूल लागतो, उंची सुमारे ६५ मीटर. तेव्हा आजोबांना उठवा.

डबा एसी थ्री टियरचा घ्या. एरवी मला उघड्या खिडकीचा स्लीपर आवडतो, पण मे महिन्यात दिवसा तिथं आरक्षण नसलेल्यांचीही गर्दी होते, आणि दीड वर्षाच्या मुलाला पाय मोकळे करायला जागाच उरत नाही. एसीत मुलांना मोजे आणि पातळ टोपी मात्र लागते. दाराशी कोणीतरी उभं राहून दार उघडं टाकतं, त्यामुळे स्वच्छतागृहाकडे जाताना मूल कडेवरच, चालवत नाही.

तिकिटाचं गणित असं. पाच वर्षांखालचं मूल वेगळी बर्थ न घेता फुकट जातं. बर्थ हवी असेल तर त्याचं पूर्ण भाडं पडतं. मोठीसाठी बर्थ घ्याच, आठ तासांच्या प्रवासात ती झोपणार आहे, आणि तुमच्या मांडीवर धाकटा असणार आहे. सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं काढा आणि त्यात खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा निवडा. एका तिकिटावर फक्त एक किंवा दोनच ज्येष्ठ असले तरच तो कोटा लागू होतो, सगळ्यांचं एकत्र काढलंत की गेला. डबा वेगळा येण्याची शक्यता असते, पण एसी थ्रीचे डबे आतून जोडलेले असतात, आणि आजीला वर चढायला लावण्यापेक्षा ते बरं.

बरोबर न्यायच्या सामानात माझी एक गोष्ट ठरलेली: जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी. बर्थवर दुहेरी अंथरली की मुलाला रेल्वेची चादर लागत नाही. अंगावर पाजताना आडोसा होतो. किनाऱ्यावर सावली करता येते, ओल्या मुलाला गुंडाळता येतं, आणि उलटी झालीच तर रात्रीत धुऊन वाळते. पिशवीत ती सगळ्यात वर ठेवा.

खायला दशम्या, मेतकूट-तूप-भात, राजगिऱ्याचे लाडू, केळी. मांडवीत खाणं भरपूर येतं, वडे-भजी-इडली चालूच असतं, मोठ्यांनी मजेत खावं. धाकट्यासाठी मात्र घरचा डबाच हवा. चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे किंवा आख्खी द्राक्षं देऊ नका. हे घशात अडकतं, आणि गाडी हलत असताना अडकण्याचा धोका आणखी वाढतो.

मालवणात पोचल्यावर जेवणाची चिंता सोडा, तिथलं रोजचं खाणंच मुलांना मानवणारं आहे. जिथं राहाल त्या काकूंना आदल्या रात्रीच सांगा की सकाळी उकड्या तांदळाची पेज ठेवा, वर थोडं तूप आणि मीठ. घावने आणि नारळाचा रस मोठी मागून मागून खाईल. मसाला घालायच्या आधी मुलांसाठी मासा बाजूला काढायला सांगितला तर कोणीही आनंदाने काढतं. सुरमईचा तुकडा किंवा पापलेट द्या, त्यात बारीक काटे कमी. बांगडा आणि तारली या वयात नकोत. सोलकढीत हिरवी मिरची असते, त्यामुळे आधी चाखून बघा.

दिवसाचा बेत फार साधा ठेवा. सकाळी सात ते नऊ समुद्र, मग आंघोळ, पेज, घर. अकरा ते चार उन्हात बाहेर पडायचंच नाही. मे महिन्यातला कोकणातला दमटपणा अंगातलं पाणी काढून घेतो आणि मुलांना तहान सांगता येत नाही. पाच वाजता पुन्हा समुद्र. चिवल्याचा किनारा लहान मुलांसाठी मला तारकर्लीपेक्षा जास्त आवडतो, लाटा मऊ असतात. तरी भरती-ओहोटीची वेळ रोज कोणातरी मच्छीमाराला विचारा आणि मूल पाण्यात असेल तेव्हा हाताच्या अंतरावर राहा. गुडघाभर पाण्यातही. गणपतीपुळ्याचा समुद्र तर मोठ्यांसाठीही धोक्याचा आहे, तिथं बुडून गेलेल्यांच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण. तुमच्या यादीतून ते काढायला मी सांगितलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

सिंधुदुर्ग किल्ला मात्र चुकवू नका. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू केलं. मालवणच्या धक्क्यावरून होडीने थोड्याच वेळात पोचता. सकाळची पहिली होडी धरा, कारण आत सावली कमी आहे. होडीत मुलांच्या मापाचं जीवरक्षक जाकीट आहे का ते चढण्याआधी विचारा. मोठ्यांचं जाकीट लहान मुलाच्या डोक्यातून निसटतं, तसलं असेल तर त्याचा उपयोग नाही, दुसरी होडी बघा. चार वर्षांच्या मुलीला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवा, आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत त्यांची नावं सांगा: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ही नावं ती घरी येऊन शेजारच्यांनाही सांगेल. मेअखेरीस पावसाळ्यासाठी होड्या आणि जलक्रीडा बंद होतात, म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना कोणी सांगत नाही, ती सांगते. कोकणात लाल विंचू आहे. चिऱ्याच्या गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात, लाकडाच्या ढिगाखाली, बाहेर काढून ठेवलेल्या चपलांमध्ये. मुलांच्या चपला-बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, रात्री अंगणात अनवाणी सोडायचं नाही, अंथरूण झटकून घ्यायचं. लहान मुलाला हा विंचू चावला तर हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे उतारा, मंत्र, लेप यात एक मिनिट घालवू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध यावर कसं चालतं ते जगाला दाखवलं, आणि पूर्वी दगावणारी मुलं त्यामुळे वाचायला लागली. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी १०८. पोचल्या दिवशीच रुग्णालयाचा रस्ता बघून ठेवा.

औषधांत फार काही लागत नाही. तापाचं औषध, वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घेतलेला. थर्मामीटर, मच्छरदाणी, आणि ओआरएस, म्हणजे जुलाब-उलटीत गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी पावडर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं असं पाकिटावर लिहिलेलं असेल तेच घ्या. खोक्यातली गोड फळपेयं याच नावाने विकली जात होती, ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने बंद केलं. त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, अंदाजे अर्धं-पाव नाही, आणि चोवीस तासांत संपवायचं. उलटी होत असेल तर चमच्याचमच्याने.

स्टेशनवर आणि धक्क्यावर गर्दी असेल तेव्हा मोठीच्या हातावर पेनाने तुमचा मोबाईल नंबर लिहा आणि तिला तुमचं पूर्ण नाव पाठ करून घ्या. चार वर्षांची मुलं विचारल्यावर "आई" एवढंच सांगतात.

परतीचं तिकीट रविवारचं काढू नका. शनिवारी घरी या, म्हणजे सोमवारी ऑफिस सुरू व्हायच्या आधी मुलांना आणि आजी-आजोबांना एक दिवस मिळेल. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, सकाळी आठ वाजता. मे महिन्यातल्या पहिल्या आठवड्यातल्या गाडीसाठी मार्चच्या सुरुवातीला तारीख मोजून ठेवा, आदल्या रात्री सगळ्यांची नावं-वयं आयआरसीटीसीच्या मास्टर लिस्टमध्ये भरा आणि आठला पाच मिनिटं असताना लॉगिन करून बसा. मांडवीच्या मे महिन्यातल्या बर्थ बघता बघता संपतात.