किनखाब: 'कम ख्वाब' नव्हे!

प्रश्न: चिनी सम्राटाच्या ड्रॅगनच्या झग्याच्या चित्राखाली 'किनखाबी अंगरखा' असे लिहिलेले पाहिले. हे बरोबर आहे का? किनखाब, म्हणजे जरीची नक्षी विणलेले भारी रेशीम, हे नाव 'कम ख्वाब'वरूनच आले ना?

उत्तर: नाही! कापडातली जरी टोचते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून स्वप्ने नाहीत, ही कथा साड्यांच्या दुकानात ऐकून ऐकून कान किटले. 'ख्वाब' म्हणजे कापडावरची लव आणि लव कमी ते कमख्वाब, असे सांगणारे जरा विद्वान वाटतात. पण शेवटचा 'ब' मुळातलाच, हे तेही धरूनच चालतात. फारसीत 'कमखा' हे रूप आहे, त्यात 'ब' कुठे आहे? असेच भारी रेशीम १४व्या शतकात युरोपात 'कामोका' नावाने मिरवत होते. तिथेही 'ब' नाही. ते शेपूट मागाहून चिकटले, परक्या शब्दाला ओळखीचा 'ख्वाब' जोडून.

मग 'कमखा' कुठला? जुन्या कोशकारांनी बोट दाखवले ते थेट चीनकडे. चिनीत 'जिन' म्हणजे सोने आणि 'हुआ' म्हणजे फूल. दक्षिणेतल्या काही बोलींत त्या 'जिन'चा उच्चार आजही 'किम' होतो. सोन्याची फुले! किनखाबाचा तुकडा हातात घेऊन बघा, याहून नेमके नाव सुचेल का? मला तरी हेच मूळ पटते, कोणी काहीही म्हणो.

राहिला झगा. चीनच्या छिंग राजघराण्याच्या दरबारात (१६४४–१९१२) पोशाखाचे कडक नियम होते. छ्येनलुंग सम्राटाने १७५९ साली ते सचित्र नोंदवून घेतले. झग्यावर पाच नख्यांचे नऊ ड्रॅगन. त्यांतला नववा आतल्या पाखीवर, वरून दिसतच नाही. एका खांद्यावर सूर्य, दुसऱ्यावर चंद्र, आणि चंद्रात औषध कुटणारा ससा. आपल्या 'शशांक'मधला शश तो हाच!

यांतले बरेच झगे भरतकामाचे, काही 'केसी' विणीचे, म्हणून त्यांना सरसकट 'किनखाबी' म्हणणे बरोबर नाही. केसीत आडवा धागा काठापासून काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आपल्या नक्षीपुरती जाऊन परत फिरते. म्हणजे किनखाबापेक्षा ही वीण आपल्या पैठणीच्या पदराला जवळची. फरक एवढाच, की पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात. केसीत ते सुटेच राहतात आणि कापड उजेडासमोर धरले की मध्ये बारीक चिरा दिसतात.