नाव सांगूनही सर्व्हर सापडेना

प्रश्न : कार्यालयातील सर्व्हर आयपी पत्त्याने उघडतो, परंतु माझ्या लिनक्स संगणकावर नावाने उघडत नाही. नावाचा पत्ता विचारणारी एनएसलुकअप ही आज्ञा मात्र योग्य पत्ता दाखवते. दोष कोठे शोधावा?

उत्तर : पत्त्याने सर्व्हर उघडतो, म्हणजे केबल किंवा राउटरवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारते. पिंग (संपर्क तपासणारी आज्ञा) व ब्राउझर मात्र सहसा एनएसस्विच फाइलमध्ये ठरवून दिलेल्या क्रमाने शोध घेतात आणि त्या क्रमात बहुधा होस्ट्स फाइल, म्हणजे संगणकावरच ठेवलेली नावे व पत्त्यांची यादी, आधी येते. त्यामुळे सर्व्हरचा पत्ता बदलण्यापूर्वी कोणीतरी तेथे लिहून ठेवलेली ओळ आजही चुकीचे उत्तर देत असावी, अशी शक्यता मला सर्वाधिक वाटते. ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा सर्व्हरच्या नावासह चालवून पाहावी, कारण ती प्रणालीच्या याच मार्गाने जाते. जुना पत्ता आला, तर ती ओळ काढून टाकावी.

उत्तरच आले नाही आणि नावाच्या शेवटी ‘डॉट लोकल’ असेल, तर गोष्ट वेगळी आहे. हा प्रत्यय मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे डीएनएस सर्व्हरविना स्थानिक नेटवर्कवरच नाव शोधण्याच्या पद्धतीसाठी, राखीव असल्याने अनेक लिनक्स संगणकांवर अशा नावाचा शोध तेथेच थांबतो व नेहमीच्या डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी नेटवर्क प्रशासकाला दुसरा प्रत्यय वापरण्याची विनंती करणे अधिक चांगले.