अमेरिकेतला कॉन्फेडरेट झेंडा: द्वेष, वारसा की अभिव्यक्तिस्वातंत्र्य?

कॉन्फेडरेट झेंडा म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा यादवी युद्धातला झेंडा. स्वतःच्या घरावर तो लावणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, पण सरकारी इमारतीवर तो फडकवणं म्हणजे वर्णद्वेषाला मान्यता देणं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आम्ही फक्त पूर्वजांचा वारसा जपतो’ हा त्याच्या समर्थकांचा दावा इतिहासापुढे टिकत नाही. १८६१ मध्ये फुटून निघताना मिसिसिपी राज्याने आपल्या जाहीरनाम्यातच लिहिलं होतं, की आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. युद्ध १८६५ मध्ये संपलं, तरी जॉर्जियाने हे चिन्ह राज्यध्वजात घातलं १९५६ मध्ये, म्हणजे शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरल्यावर दोन वर्षांनी! साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या आवारातून तो २०१५ मध्ये उतरला, तोही चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गाड्यांच्या खास नंबरप्लेटवरचं डिझाइन ही सरकारची अभिव्यक्ती आहे, म्हणून टेक्सास हे चिन्ह नाकारू शकतं. मात्र युद्धात मेलेल्या पूर्वजाच्या थडग्यावर कुणी हा झेंडा लावत असेल, तर तेवढ्यावरून त्या माणसाला द्वेष्टा ठरवू नये.