मनी एक होती की दोन?

प्रश्न : ताई, सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. आई लग्न होऊन १९८१ साली या घरात आली, आणि तेव्हापासून मांजराशिवाय आमचा एकही पावसाळा गेलेला नाही. २०१९ च्या महापुरात पाणी माळ्याला टेकलं आणि फोटोंचा अल्बम ट्रंकेसकट भिजला. नंतर वाळवला, पण चिकटलेली पानं काही सुटली नाहीत. आता बाबांना सत्तर पूर्ण होतील. घरातल्या सगळ्या मांजरांची एक वही करून त्यांना द्यायची, असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं. पण लिहायला बसलो आणि वादच सुरू झाले. दादा म्हणतो, आमचा तिरंगी गुलाब बोका होता. मी म्हणते भाटी. आजी ८९ वर्षांची आहे, ती सांगते की मनी आमच्याकडे बावीस वर्षं होती. आणि भुरीचं तर फारच अवघड झालंय. आई म्हणते, ती २००५ च्या पुराआधीच गेली. बाबा म्हणतात, पाणी चढलं तेव्हा ती घरातच होती, आपण तिला मागे ठेवून निघालो. एवढं बोलून ते उठून जातात. वहीत कुणाचं खरं धरायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या घराचा मधला खांब डोळ्यांपुढे आला. सागवानी खांब आहे. पस्तीस वर्षांत चार मांजरांनी त्याच्या एकाच बाजूला नख्या घासल्या. वरचे ओरखडे लांब आणि खोल आहेत, ते काळ्या बोक्याचे. मागच्या पायांवर उभा राहून, पाठ ताणून तो ओरबाडायचा. खाली वीतभर उंचीवर पिल्लांचे बारीक चरे आहेत, कंगव्याचे दात उमटावेत तसे. घराला रंग दिला तेव्हा भावाने खांब घासून पॉलिश करायचं काढलं. आईने त्याच्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला, एक शब्द न बोलता.

आमच्याकडे पूर आला नाही. अल्बम कोरडा आहे, खांब जागेवर आहे, तरी कुठलं मांजर कधीचं यावर आम्हा भावंडांचं एकमत नाही. तेव्हा अल्बम असता तर वाद मिटले असते, असं मनाला लावून घेऊ नका.

गुलाबचा वाद त्यातल्या त्यात सोपा. ती खरोखर तिरंगी असेल, म्हणजे अंगावर पांढरा, काळा आणि भगवा असे तिन्ही रंग असतील, तर ती भाटीच होती असं जवळजवळ खात्रीने सांगते. मांजराचा भगवा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे त्याचं अंग एकतर भगवं होतं नाहीतर काळं. भाटीकडे दोन एक्स असतात. एकावर भगवा, दुसऱ्यावर काळा आला की अंगभर दोन्हींचे ठिपके पडतात. पांढऱ्याचा हिशेब निराळा आहे. क्वचित एखादा तिरंगी बोका जन्मतो, पण त्याच्यात एक एक्स जादा असतो आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. हे भगवं जनुक नेमकं कोणतं, ते जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं.

पण दादाला खोटं पाडू नका. आपल्या भाषेत आपण ‘ते मांजर’ म्हणतो, ‘ते आलं, ते जेवलं’, आणि तो की ती हे बोलण्यात वर्षानुवर्षं येतच नाही. त्यातून नाव गुलाब. दादा तेव्हा सात-आठ वर्षांचा असेल, तर त्याने गुलाबला आपला सोबती मानलं, आणि पोरांचा सोबती पोरगाच असतो. वहीत भाटी लिहा आणि त्याखाली दादा तिला काय म्हणून हाक मारायचा तेही लिहा.

आता मनी. घरात राहणारं मांजर साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतं. वीस ओलांडणारी असतात, पण फार थोडी. आणि त्या काळात तुमच्या-आमच्याकडची मांजरं कौलांवर, गल्लीत, वखारीत हिंडणारी. बावीस वर्षांच्या मनीत मला तरी दोन मनी दिसतात, कदाचित तीन. भाटी दोन महिन्यांच्या आसपास पोट वागवते आणि वर्षातून दोनदा तरी विते. तेव्हा शस्त्रक्रिया कोण करून आणत होतं? सगळी पिल्लं वाटून झाली की आईसारखी दिसणारी एखादी लेक घरात राहायची. म्हातारी मनी एखाद्या थंडीत दिसेनाशी व्हायची, आणि तिच्या पोत्यावर तिची लेक झोपायला लागायची. तिलाही मनीच म्हणायचे. आमच्या आजीने तर नाव कधी बदललंच नाही. चूल तीच, वाटी तीच, मग नाव दुसरं कशाला, असं तिला वाटायचं. तुमच्या आजीच्या लेखी बावीस वर्षं खरीच आहेत. तिने रोज सकाळी ज्या मनीला दूध घातलं ती खंड न पडता तिथे होती. आजीला एवढंच विचारा की कधी मनीचं शेपूट आखूड झालं होतं का, पायाचा मोजा पांढरा होता का. जिथे ती अडखळेल तिथे दुसरी मनी सुरू होते.

भुरीबद्दल मात्र घाई करू नका.

आमचा काळा बोका १९९४ च्या आषाढात गेला. रात्री बाहेर पडला तो आलाच नाही. त्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची एक फळी रोज रात्री उघडी ठेवली. पाऊस आत यायचा, ओट्यावरचं पीठ दमट व्हायचं, पण आई काही बोलायची नाही. पुढे वीस वर्षांनी वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दुपारी त्यांनी मला सांगितलं, की त्या रात्री बोक्याने सायीचं पातेलं सांडलं होतं आणि त्यांनी त्याला वहाण फेकून मारली होती. त्यांच्या हिशेबी तो रुसून गेला होता. वीस वर्षं ते एकट्याने हे वागवत होते. माझी आठवण वेगळी होती. त्या रात्री उशिरापर्यंत तो माझ्या पायाशी, गोधडीवर झोपलेला होता. पुढचे पाय एकाआड एक दाबत तो कणीक मळल्यासारखं करत होता, आणि त्याची घुरघुर मला घोट्यात जाणवत होती. मी हे वडिलांना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “कुठल्या बाजूला झोपला होता?” मी म्हटलं, भिंतीकडे. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

तो का गेला, ते मला अजूनही माहीत नाही. खच्ची न केलेले बोके माजावर आले की दूरदूर भटकतात, मारामाऱ्या करतात, त्यातले कितीतरी परत येत नाहीत, हे मला नंतर कळलं. वडिलांना सांगायला तेव्हा ते माझ्यापाशी नव्हतं.

म्हणून सांगते, बाबांना सगळ्यांसमोर विचारू नका आणि आईशी समोरासमोर पडताळूही नका. संध्याकाळी त्यांना एकट्याला घेऊन आयर्विन पुलाकडे चालत जा. कृष्णेची पातळी तिथेच मोजतात, २०१९ ला ती सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती; २००५ ला आपण कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेने निघालो, हे बोलणं तिथे आपोआप निघेल. भुरीचं नाव त्यांना काढू द्या. “मांजरं उंचावर चढतात, वाचली असेल हो” असं म्हणून त्यांचं बोलणं मिटवू नका. माणसं बाहेर काढायची धांदल होती, म्हातारी आई, लहान मुलं बरोबर होती, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी ते ज्या दाराकडे बघून निघाले ते दार त्यांच्या मनात उघडंच आहे. कुणाचं साल बरोबर, हे वरच्या मजल्यावर राहिलेल्या एखाद्या शेजाऱ्याकडून कळलं तर बरंच. नाही कळलं तर भुरीला दोन पानं द्या. एक आईच्या अक्षरात, एक बाबांच्या.

अल्बमचं थोडक्यात. चिकटलेली पानं नखाने ओढू नका. जसा आहे तसा आधी मोबाइलवर टिपून घ्या. स्टुडिओत धुतलेले जुने फोटो स्वच्छ, गार पाण्यात ठेवले तर कधीकधी हळूहळू सुटतात. मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे, उन्हात नाही. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई उतरते. सगळ्यात नको असलेल्या फोटोवर आधी करून बघा. आणि निगेटिव्हची पाकिटं कुठे राहिलीत का ते शोधा, आत्याकडे, मामाकडे. त्यांच्यावरून पुन्हा फोटो काढता येतात.

लिहायला बसाल तेव्हा प्रत्येकाने आधी वेगळं लिहावं, एकमेकांचं न बघता. ते कुठे झोपायचं, भूक लागली की कुणाच्या पायात घोटाळायचं, रात्री दार कोण उघडायचं, एवढंच. आमच्याकडे हे केलं तेव्हा एकाच बोक्याची पाच मांजरं निघाली. आईच्या पानावर तो चोर, भावाच्या पानावर पहारेकरी, माझ्या पानावर भिंतीकडे झोपणारा. आम्ही पाचही ठेवली.

आजीपासून सुरुवात करा, याच आठवड्यात. मनीला ती कशी हाक मारायची ते सांगायला नको, मारून दाखवायला सांगा.

आणि पुलावरून परतल्यावर बाबा भुरीबद्दल जे बोलतील, ते मला जमलं तर कळवा.