विचारा रसायन: लोखंडाचे दोन अवतार

(या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं लोखंडाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : सोडियमचा आयन नेहमी +१, मॅग्नेशियमचा +२. लोखंड मात्र कधी +२, कधी +३. ‘संक्रमण धातूंचा गुणधर्म’ असं लिहिलं की गुण मिळतात, पण असं का होतं?
– बारावीतील विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : गुण मिळतात ना? मग परीक्षेत तेवढं लिहीतच जा. समजून घ्यायचं असेल तर इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते ते बघ. अणूने एक इलेक्ट्रॉन गमावला की +१ आयन, दोन गमावले की +२, तीन गमावले की +३. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन प्रति मोल ४९६ किलोजूलमध्ये सुटतो. दुसऱ्याला ४,५६२ लागतात, म्हणजे नऊपटीहून जास्त. त्यामुळे सोडियम त्या वाटेला जातच नाही. लोखंडाच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला १,५६२ आणि तिसऱ्याला २,९५७ लागतात, दुप्पटसुद्धा नाही. ४एस या सगळ्यात बाहेरच्या कप्प्यातले दोन गेले की तिसरा जातो तो ३डी या त्याच्या आतल्या कप्प्यातून, आणि हे ३डी काही फार खोल दडलेलं नसतं. शिवाय तो गेला की मागे पाच इलेक्ट्रॉन उरतात, अर्धं भरलेलं, सुटसुटीत. तेव्हा तिसरा द्यायचा की नाही हे लोखंड आजूबाजूला कोण आहे ते बघून ठरवतं.

फेरस सल्फेटच्या (यात लोखंड +२ असतं) ताज्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घाल. मळकट हिरवा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, येईल. नळी तशीच ठेव. वरून, हवेच्या बाजूने, तो तांबूस तपकिरी होत जातो. म्हणजे +२ चं +३ होताना डोळ्यांनी दिसतं. मी शिकवत होते तेव्हा निम्मा वर्ग तोवर नळ्या धुऊन मोकळा झालेला असे!

प्रश्न : विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो. लोखंडी कढईतल्या आंबट भाजीचंही तेच. हे खाल्लेलं चालतं का? आणि कढईने हिमोग्लोबिन वाढतं हे खरं का?
– वाचक, दापोली

उत्तर : चालतं. आवळ्यातल्या टॅनिनसारख्या तुरट द्रव्यांची विळीतून सुटलेल्या लोखंडाशी गाठ पडते आणि निळसर काळं संयुग तयार होतं. हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तिचा काळेपणा हाच. हिराकस म्हणजे वर आलेलं फेरस सल्फेट. ती शाई लिहिताना जरा फिकी असते आणि हवा लागून +३ झालं की गडद होते. तुमच्या विळीवर ही शाईच तयार होते म्हणा.

कढईतून लोखंड अन्नात उतरतं हे खरं. पदार्थ आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणारा असेल तर जास्त उतरतं. आमसुलाच्या आमटीत उतरेल तेवढं भज्यांत उतरणार नाही. पण उतरलेलं सगळंच अंगी लागत नाही. आतड्याला +२ सोयीचं पडतं, आणि लिंबा-आवळ्यातलं क जीवनसत्त्व +३ ला +२ वर आणतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली तुरट द्रव्यं लोखंड अडकवून ठेवतात. अशक्तपणा असेल तर मात्र आधी रक्त तपासा, कढईच्या भरवशावर राहू नका. आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे ज्यांना वरचेवर रक्त घ्यावं लागतं, त्यांच्या शरीरात लोखंड आधीच जास्त साठतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

हिमोग्लोबिनचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. त्याच्या एका रेणूत लोखंडाचे चार अणू असतात, सगळे +२ मध्ये. प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरतो, वाहून नेतो आणि सोडून देतो. लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र आले, भोवती पाणी आहे, तरी गंज नाही! प्रथिनाच्या घडीत ते असं बसवलेलं असतं की त्याचं सहसा +३ होत नाही. झालंच तर तो अणू ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामातून बाद. माझ्या मते रसायनशास्त्रात याहून देखणं काही नाही.

प्रश्न : स्टीलच्या भांड्याला चुंबक चिकटला तर ते बनावट समजावं का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नाही. न गंजण्याचं काम क्रोमियमचं. ते साडेदहा टक्क्यांच्या वर असलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतो. चुंबकाचा संबंध अणूंच्या मांडणीशी आहे. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की त्याची मांडणी बदलते. निकेल पुरेसं घातलं की तीच मांडणी साध्या तापमानालाही टिकते, आणि तिला चुंबक चिकटत नाही. निकेल नसलेलं, पण क्रोमियम भरपूर असलेलं स्टील चुंबकाला चिकटतं आणि तरी गंजत नाही. इंडक्शनच्या भांड्याच्या बुडाला तर चुंबक चिकटायलाच हवा.

प्रश्न : आमच्या बोअरचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं. तासाभरात बादलीत पिवळट होतं आणि तळाला तांबडा गाळ बसतो. पाइप गंजलाय का?
– वाचक, सावंतवाडी

उत्तर : पाइप प्लास्टिकचा असेल तर त्याच्यावर आळ घेऊ नका. जमिनीत खोलवर ऑक्सिजन कमी असतो, तिथे लोखंड +२ रूपात पाण्यात विरघळून राहतं आणि दिसत नाही. वर येऊन हवा लागली की त्याचं +३ होतं. हे रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून गाळ होऊन खाली बसतं.

तुमच्या भागातला जांभा तांबडा का, याचंही उत्तर यातच आहे. काळ्या दगडात बरंचसं लोखंड +२ असतं. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेली. लोखंडाचं +३ झालं आणि ते ॲल्युमिनियमबरोबर जागेवरच राहिलं. घराचा चिरा तांबडा आहे तो त्यामुळे.

उपाय सोपा आहे. बोअरचं पाणी टाकीत उंचावरून, फवाऱ्यासारखं पडू द्या, म्हणजे हवा मिसळेल. काही तास निवळू द्या आणि वरचं पाणी वाळूच्या गाळणीतून घ्या. गाळणीतली वाळू अधूनमधून धुवावी लागेल. एवढं करूनही पाण्याला लोखंडाची चव राहिली, तर पाण्याचा नमुना तपासणीला द्या आणि मॅंगनीजही बघायला सांगा. ते बऱ्याचदा लोखंडाच्या जोडीने येतं आणि नुसत्या हवेने लवकर खाली बसत नाही.